जिना दोघांचा राहील

मी, खाली सही करणारी, सुरक्षा खात्यातली निवृत्त विश्लेषक, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

खात्यात माझं काम एकच होतं: बैठकीत शेजारी देश होऊन बोलायचं, म्हणजे आपली चाल तिकडून कशी दिसते ते कळावं. सगळे मला 'शत्रूबाई' म्हणत. माझे पती हयात होते तोवर संध्याकाळी दारातच विचारायचे, "आज कोण आलंय घरी, आपली की त्यांची?" दोघींनाही त्यांनी गरम जेवण वाढलं. त्यांची मी ऋणी आहे.

१. पुस्तकं माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाला. समासातलं माझं लिखाण खोडू नये. पटलं नाही तर खाली उत्तर लिहावं.

२. लिहिण्याचं टेबल आमच्या दिवंगत संचालकांच्या मुलीला. एकदा सीमेपलीकडे रणगाडे पुढे सरकले. उपसंचालक म्हणाले, "हल्ल्याची तयारी, दुसरं काय!" मी माझ्या खुर्चीवरून म्हटलं, "तुम्ही सराव जाहीर केलात. आम्ही घाबरलो." "बाईंना त्यांचा फारच पुळका!" उपसंचालक म्हणाले. त्यावर संचालक म्हणाले, "बाई उठून गेल्या तर आपण आरशाशीच बोलत बसू," आणि त्यांनी पलीकडे फोन लावला. आपण सराव पुढे ढकलला, त्यांचे रणगाडे मागे गेले. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. उपसंचालकांना काही नाही.

३. बचत मला सांभाळणाऱ्या बाईंना. माझी कटकट ऐकणं त्यांच्या पगारात धरलेलं नव्हतं.

४. घर. वरचा मजला मुलाला, खालचा मुलीला, असं ठरलं होतं. मुलाने जिन्याच्या दाराला कुलूप लावलं, चोरांसाठी. मुलीला वाटलं, आपल्यासाठी. तिने लोखंडी जाळी बसवली. त्याने कॅमेरा. आता घर इतकं सुरक्षित झालंय की भाऊ-बहीण एकमेकांकडे चहालाही जात नाहीत. दोघांचं म्हणणं एकच: "आई, मी फक्त काळजी घेतली. सुरुवात तिकडून झाली." हे मी नोकरीभर ऐकलं, तेव्हा निदान पगार मिळायचा.

म्हणून अट. खात्यातल्या माझ्या दुभाषी मैत्रिणीला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिच्यासमोर मुलाने बहीण होऊन सांगावं, 'मी जाळी का बसवली.' बहीण "हो, अगदी हेच" म्हणेपर्यंत सांगावं. मग तिने भाऊ होऊन बोलावं. माझ्यामागे वर्षभरात जमलं तर मजले ठरल्याप्रमाणे, जिना दोघांचा. नाही जमलं तर घर विकून पैसे निम्मे-निम्मे. मुद्दाम "नाही" म्हणत बसलं तर दोघांचंही छप्पर जाईल, हे समजण्याइतकी माझी मुलं हुशार आहेत. ही धमकी आहे का, असं विचारू नये. आहे.

अट काल दोघांना वाचून दाखवली. मुलगा म्हणाला, "तिला सात जन्मात जमणार नाही." मुलगी म्हणाली, "तो आधी तोंड तर उघडू दे!"

आज सकाळी मुलगा एकटाच आला. "आई, तिला नेमकी भीती कशाची वाटते गं?" दुपारी मुलगी आली. प्रश्न तोच.

दोघांनाही सांगितलं, मी निवृत्त आहे. तिकडे जाऊन विचारा.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चार मार्च
(सही)

मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर.
साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर (सही). बुद्धी शाबूत आहे, रक्तदाबाचं सांगत नाही.
२. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)