पसनीचा खलाशी

शारजा

प्रिय अब्बा,

१९४५ साली समुद्रात भूकंप झाला आणि मकरानच्या पसनी बंदरावर लाट चढली, तेव्हा खलाशी असलेल्या आजोबांनी माणसं हाकत टेकडीवर नेली, असं तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात. तुम्ही गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या फातिहालाही हारूनचाचा हसले, "खलाशाची होडी लहान, थाप मोठी!"

काल शेजारच्या बलुची घरी जेवायला गेले होते. ते गुरुवारी जेवणाआधी गेलेल्या माणसांची नावं घेऊन फातिहा पढतात. म्हातारे मुरादचाचा शेवटी म्हणाले, "और कासम रत्नागिरीवाला."

मी विचारलं, "चाचा, ये कौन?"

"खलासी था, बेटी. पसनी में पानी पीछे हटा, तो चप्पू के डंडे से मार-मारकर मेरी माँ को पहाड़ी पर चढ़ाया. माँ कहती थी, इसका नाम कभी मत छोड़ना."

"वो मेरे दादा थे."

सगळं घर उठून उभं राहिलं.

अब्बा, आपली माणसं हसत होती, तेव्हा या घरात आजोबांसाठी दुआ होत होती. चाचांनी तुमचं नाव विचारलं, आजोबांच्या नावाशेजारी घेतलं आणि फातिहा पुन्हा पहिल्यापासून पढला. आमीन मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

तुमची लेक,
यम्ना