कोन फिल्टर, सरळ सायलेन्सर आणि देवगोईचा घाट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आज पुलाच्या चढावर उसाच्या ट्रॅक्टरने मला ओव्हरटेक केलं. मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरने जाताना हातही केला. माझ्या पिकअपमध्ये मिरचीची फक्त बारा पोती होती.
गाडी म्हातारी झालेली नाही. मीटरवर ३,८७,४१२ किलोमीटर आहेत, पण त्यातले निम्म्याहून जास्त आधीच्या मालकाचे. ते माझ्या हिशेबात धरायचे नाहीत.
निदान: गाडीला श्वास घेता येत नाही. हवा आत जायला अडते, धूर बाहेर यायला अडतो. आठ व्हिडिओ पाहिले. आठही जण हेच सांगतात.
संकल्प: होळीच्या आत इनटेक आणि सायलेन्सर, दोन्ही बदलणार.

३ फेब्रुवारी
फाट्यावर दोधू मिस्तरीकडे गेलो. केवळ शिष्टाचार म्हणून. त्याने बॉनेट उघडलं, रेस द्यायला सांगितली, कान लावला आणि म्हणाला की टर्बोचा रबरी पाइप तडकलाय, हवा तिथून निसटते. मी इनटेकचा विषय काढला. तो हात पुसत म्हणाला, "भाऊ, पह्यले हाऊ पाइप बदला. बाकी मंग."
दोधू चांगला माणूस आहे. पण रबराच्या पलीकडे त्याची नजर जात नाही.

६ फेब्रुवारी
माझ्या बायकोच्या, रंजिताच्या बचत गटाला काठी गावच्या होळीत स्टॉल मिळाला. मिरची पावडर, पापड, कुरडया. अकरा बायका महिनाभर राबणार. माल न्यायला ती माझा चुलतभाऊ नवनीत याला सांगणार होती. त्याची पिकअप दोन वर्षांची आहे. मी म्हणालो, घरात गाडी असताना नवनीत कशाला? तिने अंगणात उभ्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग बरं म्हणाली.
विश्वास आहे तिचा.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
इनटेकसाठी शंकूसारखा उघडा कोन फिल्टर स्वतः बसवला. जुन्या फिल्टरचा प्लास्टिकचा डबा काढून माळ्यावर टाकला. दोन बोल्ट उरले. कंपनी उगाच जास्त बोल्ट देते.
चालवून पाहिली. टर्बोची शिट्टी आता केबिनमध्येही स्पष्ट ऐकू येते. एवढी आधी कधीच वाजत नव्हती. म्हणजे टर्बो जागा झाला.

१३ फेब्रुवारी
दिवसभर मिरचीच्या पथारीवर. सगळीकडे वाळत घातलेली मिरची, वारा सुटलेला. संध्याकाळी पाहिलं तर फिल्टर लालभडक. अंगणात आपटला. घरातल्या सगळ्यांना ठसका. शेजाऱ्यांनाही.
हवा किती खेचतोय याचा हा पुरावाच आहे. रंजिताला तसं सांगितलं. तिला शिंका येत होत्या, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

१८ फेब्रुवारी
सायलेन्सर झाला. नंदुरबारला वेल्डरकडून आतलं सगळं काढून सरळ पाइप टाकून घेतला. त्याने दोनदा विचारलं, नक्की का? मी दोनदा हो म्हणालो.
घरी आलो तर आई ओट्यावर. तिला सात वर्षांपासून ऐकू कमी येतं. हाका मारून आम्ही थकलो. आज मी उतरायच्या आत म्हणाली, "आज माले तुन्ही गाडी ऐकू उनी."
डोळ्यांत पाणी आलं. धुराचंही असेल.
रंजिता मात्र दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "आवाज नको माले. माल काठीले पोचाडा."

२२ फेब्रुवारी
चाचणी. त्याच पुलाचा चढ, मोबाइलवर वेळ लावून. आज चार मिनिटं पस्तीस सेकंद. बदल करण्याआधी साधारण चार मिनिटं लागायची. पण तेव्हा वेळ लावली नव्हती, अंदाज होता. अंदाजाशी तुलना करणं शास्त्रीय नाही. चाचणी रद्द.
डिझेलही जरा जास्त जातंय. आवाज चांगला येतो म्हणून पाय दाबला जातो, त्यात गाडीचा दोष नाही.

२७ फेब्रुवारी
नवनीतच्या घरून निरोप. मी सकाळी गाडी सुरू केली की त्यांची म्हैस दूध चोरते. सहापासून आठपर्यंत सुरू करू नका.
ठीक आहे. आठनंतर सुरू करीन. शेजारधर्म आहे. पण म्हशीच्या तब्येतीचं खापर एक्झॉस्टवर फोडणं बरोबर नाही.

५ मार्च
थकवा. घरी आलो तरी कानात घूं वाजत राहतं. रात्री जेवताना रंजिताने भाजी हवी का विचारलं, मी घड्याळ पाहून नऊ वाजले म्हणालो.
मग तिने विचारलं, काठीच्या वाटेवरचा देवगोईचा घाट गाडी चढेल ना? पार्वतीबाई काळजीत आहे, म्हणाली. पार्वतीबाई गटाची अध्यक्ष. मी म्हणालो, पार्वतीबाईंना सांग, चढेल नाही, धावेल.
दोधूकडे एकदा जाऊन यावं असं मनात आलं होतं. वेळ झाला नाही.

१३ मार्च, गुरुवार, होळी. दुपारी १
घाटात आहे. वही डॅशबोर्डमध्ये असते, म्हणून लिहितोय.
अक्कलकुव्यापर्यंत उत्तम. केबिनमध्ये रंजिता आणि पार्वतीबाई, मागे चाळीस खोकी. आवाजामुळे कोणाला बोलता येत नव्हतं, त्यामुळे वादही झाला नाही. घाट लागला. तिसरा गिअर, दुसरा, पहिला. शिट्टी वाढत गेली. मग फट् झालं आणि शिट्टी बंद. मागे काळा धूर, एवढा की बाइकवाला पूर्ण थांबला. गाडी मागे सरकायला लागली. रंजिताने उडी मारून चाकाखाली दगड लावला.
टर्बोचा पाइप फाटला. हातभर.
रंजिता रेंज शोधत वर चालत गेली आणि नवनीतला फोन करून आली. मला विचारलं नाही.

दुपारी ४
नवनीत आला. खोकी हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, मीही येतो स्टॉल लावायला. रंजिता म्हणाली, "तुम्ही गाडीजोडे थांबा. आम्ही जातस."
त्याची गाडी वळणावरून वर गेली. होळीत नाचणारी, कंबरेला घुंगरं बांधलेली माणसं भरून जीपा चालल्यात. सगळे माझ्याकडे बघतात. मी बॉनेट उघडं ठेवलंय, काम चालू आहे असं दिसावं म्हणून.

१४ मार्च
रात्र गाडीतच काढली. काल वर रेंजमध्ये जाऊन फोन केला होता, दोधू सकाळी पाइप घेऊन आला. सणाच्या दिवशी. वीस मिनिटांत बसवला. काही बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.
गाडी दुसऱ्या गिअरवर घाट चढली. तसंच वळवून घरी आलो.

१५ मार्च
रंजिता काल संध्याकाळी आली. माझ्याशी भांडली नाही. ताट वाढलं, पाणी दिलं.
मग आत आईला सगळं सांगत बसली. आईला ऐकू कमी, म्हणून मोठ्याने. मला ओट्यावर शब्द न् शब्द ऐकू आला. माल दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपला. पापड कमी पडले. अक्कलकुव्याच्या एका दुकानदाराने दर महिन्याला माल मागितलाय. गाडी मागे सरकली तेव्हा पार्वतीबाई रडली. मलाही रडू येत होतं, रंजिता म्हणाली, पण दोघी रडलो असतो तर दगड कोणी लावला असता?
आईने विचारलं, आणि भूपेश काय करत होता?
 रंजिता म्हणाली, "ब्रेक दाबी राहिंतात. पाय थरथरी ऱ्हायंता त्यासना."
हे तिने पाहिलं होतं, मला माहीत नव्हतं.

२० मार्च
जुना डबा माळ्यावरून काढला. दोन बोल्ट सापडले नाहीत. दोधूने दिले. सायलेन्सरही जुन्या पद्धतीचा बसवला. इनटेकची कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकली, असं दोधूला सांगितलं. तो हो म्हणाला. फार पटकन हो म्हणाला.
आईला आता गाडी ऐकू येत नाही. आज मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं तिला.

३० मार्च, रविवार, पाडवा
गटाचा पहिला माल आज अक्कलकुव्याला. रंजिताला सांगितलं, गाडी तयार आहे, पाइप नवा आहे. ती म्हणाली, नवनीतला शब्द दिलाय. आवाज चढवला नाही. मी तरीही नवनीतच्या गाडीत चढलो. खोकी उचलायला माणूस लागतोच. तिथे तरी उपयोग दाखवायचा, असं ठरवलं होतं.
पुढे नवनीत, रंजिता, पार्वतीबाई. मी मागे, खोक्यांना टेकून. तळोद्याच्या अलीकडेच झोप लागली.
रंजिताने हलवून उठवलं तेव्हा गाडी दुकानासमोर उभी होती. माल उतरवून झाला होता. मी टेकलो होतो तेवढं एकच खोकं राहिलं होतं. ते मी उतरवलं.