लहान दांड्याला टांगलेली शिदोरी

एरंडोल, बुधवार, ता. ९ डिसेंबर १९५३

तीर्थरूप अभिमनभाऊंच्या चरणी, आपल्या बहिणीच्या घरधन्याचा, म्हणजे गिरधरचा, दंडवत.

मिलिटरीच्या लिलावातली पिकअप मला खरी केवढ्याला पडली ते असं: बोलीची रक्कम (साक्षीदार तुम्हीच), विहिरीचा एक सोल, नवं धोतर आणि गिअरच्या डब्यातले बरेचसे दात. बाकी खुशाल. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेलच. नसल्यास निर्गुडीच्या पाल्याने शेकत जावं.

बेत साधा होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. बन्सीलालचा ट्रक धुळ्याहून कापसाच्या गाठी घेऊन जळगावला निघालेला. त्याच्यामागे सोलाचा जाड दोर बांधून बंद पिकअप चारही चाकांवर ओढत न्यायची, पुढे रावेरपर्यंत दुसरा ट्रक पाहायचा. इंजिनाचं किरकोळ दुखणं मी घरी काढणार आणि शनिवारी चारशे घड केळी स्टेशनात नेऊन वॅगनीत चढवणार. (गावातल्या गाडीवानांना मी आठ दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं, की आता बैलांना आराम द्या. ते हसले होते. तेव्हा ते हसणं मला कौतुकाचं वाटलं.)

निघताना तुमच्या धनसिंग मिस्त्रीने हटकलं. पुढच्या आणि मागच्या चाकांना डब्याशी जोडणारे दोन्ही शाफ्ट सोडून घ्या म्हणाला. त्याचे शब्द अजून कानात आहेत: "नाना, दोन्ही शाफ्ट काढीसन हौद्यामा टाका. एक तास लागी, पन डबा वाची." आता मी पिठाच्या गिरणीत पट्टे चढवत वर आलेला माणूस. जळगावला मेहरूणच्या तळ्याच्या या काठावर उभा राहून त्या काठावरचा पंप कोणाचा ते नुसत्या आवाजावरून सांगतो. मी म्हटलं, बोल्टांशी झटापट कशाला? गिअरजवळचा लहान दांडा मधोमध ठेवला की चाकं मोकळी. काही बिनसलं तर माझे कान आहेत. धनसिंगने हात पुसले आणि तो चहाला गेला.

आणि मग वहिनी आल्या. जावयाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही तुमच्या घराची रीत. तिच्याबद्दल मी बोलणार नाही. पण ज्वारीचे बिबडे-पापड, शेंगा, गूळ आणि लोणच्याची बरणी मिळून गाठोडं पाच शेरांचं. शेजारची बैठक मिलिटरीने काढून घेतलेली, खाली तेल. वहिनींनी ते हाताशी राहावं म्हणून लहान दांड्याला टांगलं. मी नको म्हणालो नाही. सासरच्या शिदोरीला नको म्हणणारा जावई तुम्ही पाहिला आहे का?

पारोळं मागे पडलं आणि एका खड्ड्यात गाठोड्याने झोका घेतला. दांडा मधून सरकला आणि चाकं पुन्हा डब्याला जुंपली गेली असावीत. मला एवढंच जाणवलं, की कुठेतरी काहीतरी कुरकुरतंय. बन्सीलालच्या ट्रकच्या मागच्या धुऱ्याचं काम तमाम झालं असा मी निवाडा केला आणि बिचाऱ्याची कीव करत दोन कोस बसून राहिलो. त्याला ओझं जड लागलं म्हणून तो अधिक जोर लावत राहिला. एरंडोलच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली, मागे येऊन माझ्या गाडीखालचा धूर पाहिला आणि विचारलं, "नाना, कान शेतस का शोभाले?" माझे कान, आणि शोभेला! जळलेलं तेल पुसण्यात धोतर गेलं.

गाडी इथे धर्मशाळेपुढे उभी आहे. पोरं हौद्यात खेळतात.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.
गिरधर

ता. क. धनसिंगला उद्याच्या पहिल्या मोटारीने पाना-हातोडा घेऊन पाठवावं. बोलावणं माझं आहे हे सांगू नये. तुम्हाला सुचलं म्हणावं.

ता. क. दुसरा: रावेरच्या गाडीवानांना तार करावी, की शनिवारी बैल जुंपून यावं. तार तुमच्या नावाने करावी.

ता. क. तिसरा: वहिनींना सांगावं, एकही बिबडा मोडला नाही.

ता. क. शेवटचा: हे पत्र आज रात्री जळगावहून परतताना बन्सीलालच देईल आणि तो सांगितल्याशिवाय राहणार नाही, म्हणून मीच लिहितो. रस्त्याची धूळ फार होती. धुळ्याच्या नाक्यापासून माझ्या दोन्ही कानांत कापूस होता.