त्याची सव्वा मूठ

१७ एप्रिल
सुदानमध्ये लढाई पेटली. शाळेत एका बाईंनी मोबाइलवर दाखवलं तेव्हा मला कळलं. नवरा तिथल्या साखर कारखान्यात पॅनमन, रोज रस शिजवून साखर पाडतो, आणि बायकोला बातमी मिळते मधल्या सुट्टीत! दोन जनरल. दोघांनी मिळून सरकार बळकावलं, आता खुर्चीवरून एकमेकांवर तोफा. संध्याकाळी त्याचा, रा.चा, फोन लागला. म्हणे, "आठे सगळं शांत शे. लढाई तठे, राजधानीमा." वर मलाच विचारतो, नळाला पाणी येतं का. डोकं फिरलं माझं.

२८ एप्रिल
आपल्या लोकांना आणायला जहाज लागलंय. रा.बरोबरचा सांगलीकडचा फिटर निघाला. रा. नाही. पासपोर्ट कंपनीच्या हपिसात, हपिसाला कुलूप, साहेब पळालेला. कुलूप तोड म्हटलं. तर म्हणतो, हंगाम संपत आलाय, पॅन अर्धवट टाकून कसं निघू, पुढच्या जहाजाने येतो. अरे, पॅनशी लग्न केलंस का? फोन आपटला. मग मीच परत लावला. लागला नाही.

१५ जून
शाळा सुरू. पुढचं जहाज आलं न् गेलं. आता त्याच्याकडून बंदरापर्यंतचा रस्ताच बंद. गावात जो तो विचारतो, गेलाच कशाला? इथला कारखाना बंद पडून हा घरी बसला होता, तेव्हा कुठे होते हे सगळे? विसरवाडीहून माझा भाऊ आला, दूतावासाला फोन लावून दिला. त्यांनी पुन्हा नाव लिहून घेतलं. किती वेळा लिहाल?

२६ ऑगस्ट
उद्या घरात कानबाई देवी बसणार. आज नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्याकडे मोठे दीर मोजतात. नेमका तेव्हा रा. व्हिडिओवर होता. चित्र सारखं अडकत होतं. म्हणाला, "दादा, मन्ही मूठ मोठी भर." सगळे हसले, सासूबाई, आमची जिजीसुद्धा. किती वाळलाय. आमच्या गौरीने बापाची म्हणून मोबाइलचीच पापी घेतली. आज चांगलं खडसवायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

२० डिसेंबर
लढाई कारखान्यापर्यंत आली. शांत शे म्हणे! कुठल्या जनरलची माणसं तेही कळेना. गाड्या नेल्या, डिझेल नेलं, गोदामातली साखर नेली. रा. आणि तिथलेच काही कामगार बॉयलरमागे झोपतात. त्यातल्या एकाची बायको यांना भाकरी धाडते. कोण कुठली ती, तिचं भलं होवो. रा. कुजबुजत बोलत होता. मी भांडत होते. मग कट.

९ फेब्रुवारी
फोन नाही. मेसेजला एकच टिक. बातम्यांत सांगतात, तिकडचं नेटवर्कच बंद केलंय. माणसं मारून पोट भरलं नाही, आता बोलणंही तोडलं मेल्यांनी.

३ मे
सांगलीच्या फिटरचा फोन. भाकरीवाला कामगार दुसऱ्या शहरात निसटलाय, त्याने कळवलं. कारखान्यावर पुन्हा माणसं आली, गोळीबार झाला, सगळे उसात पळाले. रा.ला पळताना पाहिलं. नंतर नाही पाहिलं. एवढंच.
पळताना पाहिलं म्हणजे पाय धड होते. मी असं धरलंय. घरात बाकीच्यांनी भलतंच धरलंय. पुतणीच्या हळदीला हिरवी साडी नेसले तर जाऊबाई हळूच म्हणतात, जरा साधी नेसायची. का? कोण गेलंय?

१० ऑगस्ट
परत कानबाई. परत गहू. दिरांनी स्वतःची मूठ भरली, आपल्या दोन्ही पोरांच्या भरल्या आणि सूप बाजूला सारलं. मी म्हटलं, एक राहिली. खाली बघत म्हणाले, "आपलाले मालूम नही तो शे का नही. देवीले खोटं सांगानं नही." डोळे भरले होते त्यांचे. त्याचाच जास्त संताप आला. रडायचं कशाला, मेलाय का तो? आणि जिजी, सख्खी आई, भिंतीकडे तोंड करून गप्प!
उठले. गव्हात हात घातला. "राजेंद्र," म्हटलं. मोठ्यांसमोर नवऱ्याचं नाव आजवर घेतलं नव्हतं. सव्वा मूठ भरली. जाऊबाईंनी ते गहू वेगळे दळून वेगळ्या डब्यात ठेवले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. घरी आले तर रा.चा डबा तसाच. बाकीच्या पिठाचे रोट रोज होतात. रोट भाऊबंदांनी खायचे असतात. याचे याच्या भावाने खाल्लेच पाहिजेत. तोवर मीही शिवणार नाही. बघतेच.

१९ ऑगस्ट, पौर्णिमा
पीठ आज संपायलाच हवं, उरलं तर पुरायचं, अशी रीत. बाकीचं सकाळीच संपलं. दुपारी दिरांनी एका हातात रा.चा डबा घेतला, दुसऱ्यात फावडं, आणि परसात निघाले. मी तोंड उघडणार, तोच जिजी दारात आडवी. आठ दिवस बोलली नव्हती.
"मन्हा पोऱ्याले मातीमा गाडशी का?"
फावडं खाली ठेवलं त्यांनी. जिजीने डबा हिसकावला, स्वतः पीठ मळलं, स्वतः भाजलं. मला चुलीजवळ येऊ देईना. पहिला तुकडा दिरांच्या हातावर ठेवला आणि समोर उभी राहिली. खाल्ला त्यांनी. मग जाऊबाईंनी, पोरांनी, गौरीने, मी. जिजीला दात नाहीत, दुधात बुडवून खात राहिली. चिमूटभर उरू दिलं नाही.
आत्ता पुन्हा फोन लावला. लागत नाही.
रा., यंदाची तुझी मूठ आम्ही संपवली. पुढच्या वर्षीची तू येऊन भर. मी भरणार नाही, सांगून ठेवते.