रुईवरच्या मादीला दुसरा का लागतो

माय, तुझ्या पाटाच्या दिवशी तुम्हां लोकांना दुसरी रुई सापडली नाही का? रीत होती म्हणशील. बिनलग्नाच्या गड्यानं रंडक्या बाईशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईशी लग्न लावायचं, म्हणजे रुई पहिली बायको आणि बाई दुसरी. ते मला ठाऊक आहे. पण किड्यांनी लाल झालेलीच रुई बघायची, आणि बाप जाऊन वरीस न झालेल्या माझ्यासारख्या पोरीला तिच्यापाशी उभं करायचं, हे कुणाचं शहाणपण? ते तांबडे-काळे किडे शेपटाला शेपूट जोडून पानांवर फिरत होते. चुलती माझ्या कानाशी हसली, "बघ गं, तुझ्या मायचे वऱ्हाडी. त्यातल्या मादीलाबी एकानं भागत न्हाय." तू खाली मान घालून उभी. त्या दिवसापासून तू मरेपर्यंत मी तुझ्या तोंडाकडं धड बघितलं नाही.

आता माझीच लेक पांढऱ्या कपाळानं घरात आहे. जावई तापानं गेला, लेकरूबाळ नाही. तामलवाडीचा एक गडी पाट लावायला तयार आहे, तोही बिनलग्नाचा. घरधनी म्हणतात, "तू आई हायस, तूच काय ते ठरीव." मी काय ठरवणार? परवा दोघी मायलेकी खुरपत होतो. बांधावर रुई, रुईवर तेच किडे. माझं डोकं फिरलं. बोट करून म्हणाले, "त्या मादीगत वागायचंय का तुला?" तिचं खुरपं थांबलं. ती तुझ्यासारखी मान खाली घालणारी नाही. म्हणाली, "माय, पाट लावायचा का न्हाय, मला अजून कुणी विचारलंबी न्हाय. आन् तू मला किड्यात नेऊन बसवलंस." आणि पुन्हा खुरपायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चुलतीचेच शब्द माझ्या तोंडून निघाले होते.

ती भाकरी खायला विहिरीवर गेली, मी बांधावरच बसले. म्हटलं, बघू तर खरं ही मादी करते काय. चंचीतला चुना काडीला लावून तिच्या पाठीवर ठिपका दिला, म्हणजे चुकामूक नको. नर लहान, ती चांगली थोराड. तो तिला जोडलेला, आणि तीच त्याला मागं ओढत रस चोखत फिरते. दुसऱ्या दिवशी ठिपकेवाली सापडली, तर जोडीला एका पायानं लंगडा नर. कालचा हा नव्हता. चुलती खोटं बोलली नव्हती, पण का ते तिनं कधी सांगितलं नाही.

मग चावडीवर शेतकी खात्याचे साहेब औषध फवारायचं सांगायला आले, तिथं मी उभी राहिले आणि विचारलं, रुईवरच्या मादीला दुसरा नर का लागतो. गडीमाणसं खिंकाळली. एक म्हातारा म्हणाला, "मावशे, आता वय हाय का तुझं ह्या चौकशीचं?" म्हटलं, "तुझं हसायचं वय हाय, तर माझं इचारायचं हाय." साहेब लाजले, पण सांगितलं. म्हणाले, एका नराचं बी पोचट निघालं तर अंडी वाया जातात, दुसऱ्याचं असलं तर निभावतं. निरनिराळ्या बापांची पिल्लं असली की एकाच रोगानं सगळी जात नाहीत. पुष्कळदा तर तिला नकोही असतो, पण नर सोडत नाही. झगडण्यात जीव घालवण्यापेक्षा ती सोसून घेते. मी खाली बसले. ह्यात हलकटपणा कुठं आला? सगळी जगण्याचीच धडपड.

पण ते सोसणं डोक्यातून जाईना. माझ्या डोळ्यापुढं तुझी चूल येते. तू भाकरी थापतेस, तो तुझा पाटाचा नवरा चुलीपुढं येऊन बसतो, आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी तू त्यालाच वाढतेस. मला फाटकी. मी हुप्प होऊन बघते. ती तू मायेनं वाढायचीस का धाकानं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानं मला कधी बोट लावलं नाही, की वाकडा शब्द काढला नाही. पण माझ्याशी नीट होता म्हणून तुला हवा होता असं थोडंच आहे. तुला कुणी विचारलं होतं का गं?

हा कागद टपालात टाकायचा नाही एवढं मला कळतं. खरं सांगायचं तर लेकीला सरळ विचारायला तोंड होत नाही, म्हणून आधी तुला विचारते. ती न्हाय म्हणली तर तामलवाडीकरांना माघारी लावायची माझी तयारी आहे, आणि व्हय म्हणली तर चारचौघांत तिच्या बाजूला उभी राहायचीही. पण विचारायचं कसं ते मला येत नाही, आपल्या घरात ते कुणी केलेलंच नाही. मंगळवारी ती माणसं बैठकीला येतायत. तू सोमवारी दिवस मावळायच्या आत सांग: तो माणूस तुला हवा होता, का माझ्यासाठी सोसलास?