बाबांच्या रिव्हॉल्व्हरचा भाव

सौंसर, बुधवार, ऑक्टोबर १९८५

बाबांची जुनी विलायती रिव्हॉल्व्हर आज नागपूरच्या बंदूकवाल्याला विकली. बाबा गेले तसा परवानाही संपला, घरात ठेवता येत नव्हती. त्यानं ती उजेडात धरली. "मूळचा काळा रंग शाबूत असन तरच शौकीन लोकं पैसे देतात, मास्तर. हिले घासलं कोणी? आता निम्माच भाव." आईच घासायची, दर दसऱ्याला, राखेनं. ती चमक खरंच खोट होती, की त्याची भाव पाडायची चाल? इथं विचारायचं तरी कोणाला? सही करून दिली.

घरी आई म्हणाली, "किती चमकून राहिली होती! भाव चांगलाच आला असन." मी हो म्हटलं. तिनं देवापुढे साखर ठेवली.