टकळी गप्प झाली

३ जून
मिळालं बाई एकदाचं घर! दोन खोल्या, लख्ख न्हाणीघर, आणि समोरच्याच गिरणीत माझी कापड तपासायची नवी नोकरी. माझी लेक, माझी टकळी, सहा वर्षांची, पण तोंड साठ वर्षांचं. सामान लावताना नुसतं भंडावून सोडलं मला. शेवटी चौकटीशी उभी करून पेन्सिलीनं तिच्या उंचीची खूण केली, तेव्हा कुठे क्षणभर थांबली. इमारतीत मुलं पुष्कळ आहेत, पण आवाज म्हणून नाही. मला तर स्वर्गच वाटला.

९ जून
शेजारच्या काकू सांगत होत्या, इथं मुलांवर कुणी हात उचलत नाही. पोर त्रास द्यायला लागलं की सगळी मोठी माणसं पाठ फिरवतात, ते गप्प होईपर्यंत. आज जिन्यात एक पोर पडलं, रडलं, की सगळ्यांनी फिरवल्या पाठी! लगेच चिडीचूप. किती शहाणी माणसं! काकूंची मुलगी पहिलीतली वाटली, तर म्हणे यंदा दहावीला. असेल अंगानं बारीक.

१७ जून
डोकं ठणकत होतं. टकळीनं दूध सांडलं आणि वर गाणी म्हणायला लागली. मीही फिरवली पाठ. ओढणी ओढत आई आई करत राहिली, मग थांबली. जेवताना शब्द नाही. मलाच करमेना, पण म्हटलं, वळण लागतंय.

२८ जून
आता रोजच फिरवते. ती हाकही मारत नाही. फ्रॉक ढगळ झालाय तिला. धुऊन कापड आटतं, वाढत नाही. हे मला कुणी सांगायला नको.

४ जुलै
चौकटीशी उभी केली. खूण डोक्याच्या वर — चांगली चार बोटं. काकूंकडे धावले. त्या शांतपणे म्हणाल्या, आमचा थोरला तर आता दिसतही नाही, पण त्रास म्हणून नाही हो त्याचा.

५ जुलै
नोकरी गेली खड्ड्यात. सामान बांधतेय. टकळीला जवळ घेतलं, रडले, म्हटलं, गाणं म्हण गं. ती माझ्या तोंडाकडे बघेना. उठली आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. आई तिथंच असते ना तिची —

६ जुलै
टकळीनं हाक मारली! ‘आई’ म्हणाली. मागून — इवलासा आवाज —
वळतेय. मान वळत नाही. अंगच वळत नाही, रोज फिरवलेली पाठ तशीच राहिलीय. तोंड भिंतीकडे —
टकळे, बोलत राहा. बडबड कर, सांड काय सांडायचं ते. ऐकतेय मी.
अगं, पुन्हा म्हण ना. एकदाच —